डावीकडे बसलेलं वजन

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे. भाजी तोलणारा नव्हे, आणि सोने तोलणारा तर मुळीच नव्हे. माझ्या ताटात आजवर फक्त बाळे निजली. तीही अशी, की जी जगात यायची घाई करून आली आणि मग अंगावर चार ग्रॅम चढेपर्यंत रुग्णालयात मुक्कामाला राहिली. माझ्यावर निजलेले एकही बाळ कधी हसले नाही. दुपटे काढले की त्यांना थंडी वाजते, पाठीला अनोळखी ताट लागते आणि ती भोकाड पसरतात. कित्येकांनी मला ओलेही केले. मी मनावर घेतले नाही. या धंद्यात मानापमान धरून भागत नाही.

माझा जन्म दूरच्या एका देशातल्या कारखान्यात झाला. अंग पत्र्याचे, ताट पांढऱ्या प्लॅस्टिकचे, आणि बाळ घरंगळू नये म्हणून ताटाच्या कडा वर वळवलेल्या. माझ्या पोटात धातूची एक पट्टी आहे. वर भार आला की ती किंचित वाकते आणि त्या वाकण्यावरून मी वजन ओळखतो. मी पाच-पाच ग्रॅमच्या पायऱ्यांनी मोजतो, त्यामुळे माझ्या प्रत्येक वजनाच्या शेवटी पाच तरी असतो किंवा शून्य तरी. एवढे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

कारखान्याने मला दोन सवयी लावल्या. तिथे किलो आणि ग्रॅम यांच्यामध्ये टिंब देत नाहीत, स्वल्पविराम देतात. एक किलो सातशे पाच ग्रॅम हे वजन मी १,७०५ असे दाखवतो. ज्या रुग्णालयात मी आलो तिथल्या माणसांना हजाराच्या आकड्यानंतर स्वल्पविराम द्यायची सवय होती. ती माझा आकडा वाचायची, एक हजार सातशे पाच ग्रॅम. मी किलोत बोलत होतो, ती ग्रॅममध्ये ऐकत होती आणि दोघांचेही खरे होते. असा आमचा संसार कितीतरी वर्षे बिनबोभाट चालला.

दुसरी सवय काटकसरीची. पडद्यावर मी सगळे आकडे दाखवतो, पण प्रत्येक वजन मी माझ्या स्मरणातल्या एका फाइलीतही लिहून ठेवतो, आणि तिथे शेवटी येणारी शून्ये लिहीत नाही. पडद्यावर १,७३० दिसले तरी फाइलीत मी १,७३ एवढेच लिहितो. गणिताच्या दृष्टीने त्यात काही वावगे नाही. अपूर्णांकाच्या शेपटीचे शून्य गळाले म्हणून वजन रतीभरही कमी होत नाही. शिवाय ती फाइल उघडतो कोण? वर्षानुवर्षे कोणीही उघडली नाही.

माझी खरी मालकीण म्हणजे मोठ्या सिस्टर. लहान बाळांचा तो सगळा वॉर्ड त्यांच्या हाताखाली चाले. रोज सकाळी दूध पाजण्याआधी त्या माझ्या ताटात मऊ कापड अंथरत, बटण दाबून मला शून्यावर आणत, म्हणजे कापडाचा भार बाळाच्या नावावर पडत नसे. मग एकेक बाळ उघडे करून ठेवत. बाळ हातपाय झाडायचे आणि माझे आकडे सैरावैरा पळायचे. "थांब रे राजा, एक क्षणभर थांब," असे म्हणत त्या हात वर धरून उभ्या राहत. बाळ दम घ्यायला थांबले की मी आकडा पकडायचो. त्या मोठ्याने वाचायच्या, दुसरे बटण दाबून नोंद करायच्या आणि कागदावरही लिहायच्या. त्या माझी फार तारीफ करत. नव्या नर्सला सांगत, "डोळे झाकून विश्वास ठेव याच्यावर. बोलतो कमी, पण खरं बोलतो." ते ऐकून माझी पट्टी वाकायची नाही एवढेच, बाकी मी फुलून जायचो.

पुढे रुग्णालयात एक आकडेवाले आले. कचेरीत संगणकावर बसून तक्ते बनवणे हे त्यांचे काम, म्हणून वॉर्डात सगळे त्यांना आकडेवालेच म्हणत. माणूस चांगला होता. सिस्टरांचा कागदावर लिहिण्यात किती वेळ जातो ते त्यांनी पाहिले आणि म्हणाले, "काटा स्वतःच नोंद ठेवतो की. तुम्ही फक्त बटण दाबा. बाकी माझ्यावर सोडा." रोज सकाळी ते पेनड्राइव्ह घेऊन येत, माझी फाइल उचलत आणि संगणकावरच्या तक्त्यात घालत. फाइल आत घेताना संगणक एक खिडकी उघडून चार प्रश्न विचारायचा. आकडे कसे लिहिलेत, तारीख कशी वाचू, कोणत्या देशाची पद्धत धरू. आकडेवाले न वाचता 'ठीक' दाबायचे. त्यांना नावे ठेवू नका, मित्रांनो. तुमच्या घरातले मोठेही तेच करतात.

तक्ता देखणा होता. प्रत्येक बाळापुढे एक चौकोन. सलग तीन दिवस वजन वाढले तर चौकोन हिरवा व्हायचा आणि आत 'घरी' असे उमटायचे. नाहीतर तो नारिंगी राहायचा आणि आत 'थांबा' दिसायचे. खुद्द वजनांची रांग फार जागा खाते म्हणून आकडेवाल्यांनी ती मिटून ठेवली होती. कागद बंद झाले. मोठ्या सिस्टरना सुरुवातीला हात रिकामे-रिकामे वाटले, मग त्यांनाही सवय झाली.

बाळांच्या डॉक्टर कडक होत्या. पूर्वी कधीतरी घाईने घरी सोडलेले एक बाळ आठवडाभरात निपचित होऊन परत आले होते. ते वाचले, पण डॉक्टरांनी तेव्हापासून नियमच केला. चौकोन हिरवा झाल्याशिवाय बाळाने दाराबाहेर जायचे नाही. मग आई रडो की आजी रागावो.

अशा दिवसांत मुठल्या आला. हे काही त्याचे खरे नाव नव्हे. तो दोन्ही मुठी घट्ट आवळून निजायचा, वजन करतानाही सोडायचा नाही, म्हणून सिस्टरांनीच ते नाव पाडले. त्याची आई कपडे शिवायची. खिडकीजवळची खुर्ची तिने धरली होती. मुठल्याला छातीशी घ्यायचे, दूध पाजायचे आणि उरल्या वेळात त्याच्यासाठी टोपडी शिवायची. सगळी टोपडी त्याला मोठीच व्हायची.

तिची थोरली मुलगी घरी आजीजवळ होती. वॉर्डात मुलांना येऊ देत नसत, कारण त्यांच्या सर्दी-खोकल्याने इवल्या बाळांचा जीव धोक्यात येतो. आई रोज फोन लावायची. एकदा फोन माझ्या शेजारच्या टेबलावर होता, म्हणून मला पलीकडचे ऐकू आले.

"आई, खरं सांग. बाळ नाहीच ना?"

"आहे ग. तुला फोटो नाही का पाठवला?"

"फोटो कुणाचाही असतो. आजी पण 'आहे' म्हणते, बाबा पण 'आहे' म्हणतात. मग आणत का नाही?"

"त्याचं वजन वाढू दे. मग आणते."

"तू रोज तेच सांगतेस," असे म्हणून मुलीने फोन आजीला देऊन टाकला. आईने बराच वेळ सुईत दोरा ओवला नाही.

मुठल्या तर इमानाने वाढत होता. रोज पंचवीस ग्रॅम, ना एक पायरी कमी ना जास्त. आज १,७०५, उद्या १,७३०, परवा १,७५५. एवढे शिस्तीचे बाळ माझ्या ताटात दुसरे आले नाही. मित्रांनो, आता मघाशी सांगितलेले आठवा. पंचवीस पंचवीसने वाढणाऱ्याचे वजन एक दिवस पाचवर संपते आणि दुसऱ्या दिवशी शून्यावर. पाचवर संपलेले मी फाइलीत १,७०५ असे पूर्ण लिहायचो. तक्ता ते सतराशे पाच असे वाचायचा आणि चालवून घ्यायचा. शून्यावर संपलेले मी १,७३ असे लिहायचो. तक्त्याच्या पद्धतीत स्वल्पविरामानंतर तीन आकडे हवेत. इथे दोनच. ही संख्या नव्हेच, काहीतरी अक्षरे असतील, असे ठरवून तो ते वजन हिशेबातून वगळायचा आणि त्या दिवसापुढे लिहायचा, 'नोंद नाही'.

म्हणजे एक दिवस नोंद, एक दिवस नोंद नाही. अशाने सलग तीन दिवस जुळणार कसे? वेड्यावाकड्या वाढणाऱ्या बाळांचे तीन दिवस कधीतरी जुळून जायचे आणि ती घरी जायची. शेजारच्या काचेच्या उबदार पेटीतले बाळ गेले. त्याच्या पलीकडचेही गेले. मुठल्याचा चौकोन मात्र नारिंगीच.

आईने धीर करून डॉक्टरांना गाठले. "डॉक्टर, हा रोज वाढतोय हो. मला पाठ आहे. परवा सतराशे तीस, काल सतराशे पंचावन्न, आज सतराशे ऐंशी."

डॉक्टरांनी तक्ता पाहिला. "कालचं आहे इथे. परवाचं नाही, आजचंही नाही. ताई, मी तुम्हाला खोटं म्हणत नाही. पण नोंद नाही म्हणजे मला माहीत नाही. मी अंदाजाने बाळ सोडत नाही."

"सिस्टरनी बटण दाबायचं राहिलं असेल," आकडेवाले म्हणाले.

मोठ्या सिस्टर दुधाच्या वाट्या धूत होत्या. त्यांनी नळ बंद केला. "माझं बटण दाबायचं राहत नाही," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही, पण आकडेवाले दोन पावले मागे सरकले.

"मग काटा नोंद गाळतोय. जुना झालाय," ते म्हणाले.

मोठ्या सिस्टर हात पुसत जवळ आल्या. माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांच्याही मनात पाल चुकचुकली, हे मला कळले. मला बोलता आले असते तर तेव्हा बोललो असतो. ज्यांनी डोळे झाकून विश्वास ठेवला त्यांनीच डोळे उघडून संशयाने पाहावे, याचे मला फार वाईट वाटले. डॉक्टरांनी निर्णय दिला. "ज्या काट्याचा भरवसा नाही, त्याच्यावर मी कुणालाच घरी सोडणार नाही. आधी तो तपासून घ्या. खराब असेल तर नवा मागवू. नवा आल्यावर मोजणी पहिल्यापासून."

पहिल्यापासून, हे ऐकल्यावर मुठल्याची आई खुर्चीत बसली आणि तिने त्याला घट्ट धरले. त्या दिवशी तिने घरी फोन केला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वजने घेण्याआधीच काटे दुरुस्त करणारे काका आले. त्यांनी लाकडी पेटी उघडली. आत मखमलीत पितळी वजने ओळीने बसवलेली होती. बोटांचा घाम लागू नये म्हणून ते ती फडक्याने उचलत. त्यांनी माझ्या ताटाच्या मधोमध दोन किलोचे वजन ठेवले. मी सगळा जीव एकवटून मोजले. पडद्यावर आले, २,०००. त्यांनी ते कोपऱ्यात सरकवले. २,०००. काढून परत ठेवले. तेच.

"काटा ठणठणीत आहे," काका म्हणाले. "माझ्यापेक्षा बरी तब्येत आहे याची. नोंदही करून बघा. दाबा बटण."

मोठ्या सिस्टरनी बटण दाबले. आकडेवाल्यांनी फाइल घेतली, वॉर्डातल्या संगणकावर तक्ता उघडला, नेहमीसारखे 'ठीक' दाबले, आणि ती चाचणीची नोंद शोधण्यासाठी मिटलेली वजनांची रांग पहिल्यांदाच उलगडली. मुठल्याची आई त्यांच्या मागे येऊन उभी राहिली होती. तिला कोणी बोलावले नव्हते, पण तिला कोणी जा असेही म्हटले नाही.

"हे काय, दोनच?" आकडेवाले पुटपुटले. "दोन हजार पाहिजे."

"ही ओळ अशी वाकडी का आहे?" आईने विचारले.

"कुठली?"

"ही आकड्यांची. काही उजव्या काठाला लागलेत आणि काही डाव्या. हे बघा, सतराशे पाच उजवीकडे. त्याच्या खालचं डावीकडे. परत उजवीकडे. कापड असं कापलं तर गिऱ्हाईक परत आणून देईल."

आकडेवाले संगणकावर वाकले. तक्त्याची रीत त्यांना चांगली ठाऊक होती. संख्या उजवीकडे बसते, अक्षरे डावीकडे. डावीकडे बसलेले काहीही तक्ता मोजत नाही. त्यांनी एका डाव्या आकड्यावर बोट ठेवले. १,७३. मग खालच्या. १,७८.

"सिस्टर, या पहिल्या दिवशी काट्याच्या पडद्यावर काय होतं?"

"एक हजार सातशे तीस. शेवटी शून्य होतं."

"शून्य गेलंय." ते माझ्याकडे वळले. पहिल्यांदाच त्यांनी मला नीट पाहिले. माझ्या पाठीवरच्या पट्टीवर कारखान्याचा पत्ता होता, तो वाचला. "हा ग्रॅममध्ये नाही बोलत. किलोत बोलतोय. याचा स्वल्पविराम म्हणजे आपलं टिंब." मग कपाळाला हात लावून म्हणाले, "आणि ती खिडकी मला रोज विचारत होती की, कोणत्या देशाची पद्धत."

"मग काय सांगत होतात तिला?" सिस्टरनी विचारले.

"ठीक."

मोठ्या सिस्टर हसल्या. किती दिवसांनी हसल्या असतील देव जाणे. आकडेवालेही ओशाळे हसले आणि म्हणाले, "बटणाबद्दल बोललो ते मनात ठेवू नका."

"ठेवीन दोन दिवस," सिस्टर म्हणाल्या, "मग सोडीन."

आकडेवाल्यांनी रिकामा तक्ता घेतला आणि फाइल पुन्हा आत बोलावली. खिडकी उघडली. या वेळी त्यांनी प्रत्येक प्रश्न मोठ्याने वाचला. पद्धत माझ्या जन्मदेशाची निवडली. तारखेला सांगितले, आधी दिवस मग महिना. बाळांच्या क्रमांकांची रांग मुद्दाम अक्षरांची ठेवली, कारण ०४७ मधले पुढचे शून्य गळाले तर बाळाची ओळख बदलते. वजनांच्या रांगेला टिंबापुढे तीन घरे दिली, म्हणजे शेपटीचे शून्य पुन्हा दिसेल. सगळे नीट वाचून झाल्यावर 'ठीक' दाबले.

सगळे आकडे एकजात उजव्या काठाला जाऊन बसले. १.७०५. १.७३०. १.७५५. १.७८०. खाली पितळी वजनाचे २.०००. काकांनी आपली पेटी मिटली आणि म्हणाले, "आता माझं काम नाही इथे." मुठल्याचा चौकोन हिरवा झाला. आणखीही दोन चौकोन हिरवे झाले.

डॉक्टरांना बोलावले. त्यांनी चौकोनाकडे पाहिलेच नाही. एकेक आकडा बोट ठेवून वाचला, आईला विचारून पडताळला, आणि म्हणाल्या, "आजचं वजन माझ्यासमोर करा."

सिस्टरनी कापड अंथरले, मला शून्यावर आणले. मुठल्या मुठी आवळून ताटात आला आणि त्याने नेहमीचे भोकाड पसरले. माझे आकडे पळू लागले. सगळे श्वास धरून उभे. मग तो दम घ्यायला थांबला आणि मी आकडा पकडला. १,८०५. पंचवीस.

डॉक्टरांनी मान डोलावली. "घेऊन जा घरी. आणि ताई, यापुढे ही रांग उघडीच राहील. मीही आधी तीच वाचीन."

मित्रांनो, नंतर आकडेवाल्यांनी एक चिठ्ठी लिहून माझ्या अंगावर चिकटवली. 'हा किलोत बोलतो. स्वल्पविराम म्हणजे टिंब. शेवटचे शून्य लिहीत नाही.' वरून पारदर्शक पट्टी लावली, म्हणजे बाळांनी ओली केली तरी पुसायची नाही. पुढे वॉर्डात नवे काटे आले. मी आता तपासणीच्या एका लहान खोलीत असतो. आठवड्यातून एखाद-दुसरे बाळ येते, बाकी वेळ माझ्यावर धूळ बसते. पण चिठ्ठी शाबूत आहे.

मला तुमच्याकडून जास्त काही नको. जुन्या वस्तू बोलतात, फक्त आपापल्या रीतीने बोलतात. त्यांना मोडीत काढण्याआधी त्यांची रीत काय आहे ते एकदा विचारा, आणि कळली की चिठ्ठी लिहून ठेवा. संगणक प्रश्न विचारेल तर वाचून उत्तर द्या. आकडे आत आले की रांगेवरून एकदा नजर फिरवा. एखादा डावीकडे बसलेला दिसला तर त्याला वगळू नका. त्याच्यामागे कोणीतरी खुर्चीत वाट बघत बसलेले असू शकते.

त्या सकाळचे एक सांगायचे राहिले. माझे टेबल तेव्हा दाराजवळ होते. आईने मुठल्याला एका मोठ्या टोपड्यात घातले आणि दार उघडून बाहेर पडली. बाहेर बाकावर निरोप मिळताच आलेली आजी बसली होती आणि आजीच्या पुढे ती थोरली मुलगी, हाताची घडी घालून. आईने तिला बाकावर बसवले आणि बाळ तिच्या मांडीवर ठेवले. मुलीने त्याच्या तोंडाकडे पाहिले, मुठीकडे पाहिले. मग दोन्ही हात त्याच्या पाठीखाली घातले आणि त्याला जरासे उचलून पाहिले, अगदी जरासे.

"आजी," ती म्हणाली, "जड आहे हा. खरा आहे."